उलट्या क्रमाने बसवा, म्हणे!

"लेबर तीन हजार? अहो, नटबोल्ट खोलायचे आणि परत लावायचे, त्याचे तीन हजार?"

हे थोर वाक्य माझंच आहे. २०२४च्या मे महिन्यात, पुण्यातल्या एका गॅरेजच्या दारात, गळ्यात कंपनीचं आयकार्ड लटकवून मी ते उच्चारलं. गाडी बाबांची जुनी वॅगनआर, नव्वद हजार किलोमीटर झालेली, क्लच घसरायला लागलेला. क्लच सेटचे ४,२०० मी एका शब्दाने न कुरकुरता कबूल केले. लेबरवर मात्र अर्धा तास हुज्जत घातली आणि ३,००० चे २,००० करून दाखवले. वर "संध्याकाळी सहाच्या आत गाडी पाहिजे, उद्या कोल्हापूरला लग्नाला जायचंय" हेही ऐकवलं. घरी जाऊन बायकोला हजार रुपये वाचवल्याचा किस्सा रंगवून सांगितला, ते वेगळंच.

यात लाजेची गोष्ट ही की मी मेकॅनिकलचा इंजिनिअर आहे. म्हणजे पदवी मेकॅनिकलची आणि पोटापाण्याला जावा, आपल्यातल्या निम्म्या जनतेसारखं. थिअरी ऑफ मशिन्सच्या पेपरात क्लचचं गणित मी बरोबर सोडवलं होतं. नव्या क्लचला समान दाब धरायचा, जुन्याला समान झीज धरायची, मग त्रिज्या आणि घर्षणगुणक घालून टॉर्क काढायचा. दहापैकी नऊ मार्क. क्लच प्लेट हातात मात्र कधी धरली नव्हती.

तर दुसऱ्या दिवशी खंबाटकीच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं. गाडी थांबवली, क्लच दाबला, पहिला गिअर पडेना. जोर लावला तर खरररर. मागे आई-बाबा बसलेले, त्यांच्यामागे उसाचा भला मोठा ट्रक दोन हातांवर. शेवटी हँडब्रेक ओढून इंजिन बंद केलं, बंद गाडीत पहिला टाकला आणि मग स्टार्टर मारला. क्लच पूर्ण दाबलेला असूनही गाडी पुढे हिसका मारत होती. असं चार-पाच वेळा केलं. आई प्रत्येक वेळी देवाचं नाव घेत होती आणि बाबा काहीच बोलत नव्हते, जे जास्त वाईट.

क्लच नवाकोरा होता बरं का. सेट अस्सल, बिल माझ्याकडे. बिघडलं होतं ते बसवणं.

आता मुद्द्यावर येतो. गाड्यांची रिपेअर मॅन्युअलं उघडून बघा. गिअरबॉक्स उतरवण्याच्या पायऱ्या सविस्तर, चित्रांसकट. आणि बसवण्याची वेळ आली की मजकूर साधारण असा: उलट्या क्रमाने करा. संपलं! च्यायला, गिट रिव्हर्ट मारल्यासारखं. यूट्यूबवरच्या व्हिडिओंतही तेच. खोलणं वीस मिनिटं, मग संगीत, फास्ट फॉरवर्ड, आणि गाडी चालू. माझं म्हणणं असं की हे साफ खोटं आहे, आणि या खोट्यावरच आपली 'नटबोल्टचे तीन हजार?' ही घासाघीस उभी आहे. खोलणं आणि बसवणं एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत असं वाटलं की बसवणाऱ्याच्या हाताची किंमत शून्य होते.

उतरवताना गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने असतं. बोल्ट काढले, ड्राइव्ह शाफ्ट ओढले, गिअरबॉक्स मागे सरकवला की तो खालीच येतो. चुकलंच तर दिसतं. बसवताना पंचवीस-तीस किलोचं धूड गाडीखाली पडून वर उचलायचं, आणि जिथे नेमकं जुळायचं ती जागा बेल हाउसिंगच्या आत, म्हणजे कुणालाच दिसत नाही. जुळलं की नाही हे कळणार सगळं जोडून गाडी सुरू केल्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट नाही, थेट प्रॉडक्शन. आणि आपण त्याला लेबर म्हणतो.

कोल्हापूरहून परत आल्यावर त्या गॅरेजवर भांडायला गेलो. तो मेकॅनिक माझ्याच वयाचा. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग सरळ म्हणाला, "साहेब, शेवटचं बोटभर जाईना. सहा वाजत आले होते. बोल्टने ओढून घेतला." थोडं थांबून, "दोन हजारात आणि सहाच्या आत कसा बसवायचा ते तुम्हीच सांगा." मी त्याला निर्दोष म्हणत नाही. त्याने 'उद्या देतो' म्हणायला हवं होतं. पण तो ते म्हणाला असता तर मी शेजारच्या गॅरेजला गेलो असतो, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

मग एका मित्राने नाना पेठेच्या बाजूच्या एका जुन्या मिस्त्रींकडे पाठवलं. साठीकडे झुकलेले गृहस्थ. म्हणाले, "लेबर साडेतीन हजार, गाडी उद्या. घाई असेल तर नका ठेवू." मी सुट्टी टाकली आणि पूर्ण दिवस तिथे स्टुलावर बसून राहिलो. इतका वेळ मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्येही टिकलो नव्हतो.

गिअरबॉक्स उतरवल्यावर काकांनी नवी प्लेट हातात दिली. मधला हब जरासा वाकलेला, आतले दाते एका बाजूने दुखावलेले. कारण साधं आहे. गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटच्या हबमध्ये शिरतो. शाफ्ट जेमतेम आत गेला असताना गिअरबॉक्सचं वजन सोडलं, तर ते सगळं त्या बिचाऱ्या हबवर लटकतं. वरून बोल्ट आवळून ओढलं की तो वाकणारच. मग क्लच दाबला तरी प्लेट फ्लायव्हीलपासून पुरती सुटत नाही, शाफ्ट फिरतच राहतो, आणि थांबलेल्या गाडीत गिअर पडत नाही. बेल हाउसिंगचा एक कान तडकलेला होता, कारण ते ॲल्युमिनियम, ओढाताण सहन करत नाही. आणि दोन डॉवेलपैकी एक गायब! डॉवेल म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातल्या त्या छोट्या पोकळ नळ्या. बोल्ट फक्त धरून ठेवतात. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या बरोब्बर रेषेत आणायचं काम डॉवेलचं. काकांनी ती नळी कुठूनशी डब्यातून शोधून काढली, मापून पाहिली आणि ठोकून बसवली. बिलात तिचा उल्लेखही नाही.

पुढचे दोन तास मी जे पाहिलं ते कुठल्याच 'उलट्या क्रमात' येत नाही. आधी फ्लायव्हील पुसून कोरडं. तेलाचं बोटही लागता कामा नये, म्हणून पोराला हात धुऊन यायला लावलं. इंजिनाच्या मागचं ऑइल सील गळत नाही ना, ते बॅटरी लावून बघितलं. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते दोनदा तपासलं, कारण उलटी लावली तरी ती बसते, पण क्लच चालत नाही. आता गंमत बघा, ही प्लेट कशालाच बोल्ट केलेली नसते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये नुसती चेपलेली असते. म्हणजे प्रेशर प्लेट आवळायच्या आधीच ती मधोमध हवी, नंतर हलवता येत नाही. काकांकडे त्यासाठी भंगारातल्या गिअरबॉक्सचा एक शाफ्ट जपून ठेवलेला होता. तो घालून मध्य साधला, आणि मग बोल्ट समोरासमोर, प्रत्येकी थोडा थोडा. एकच बाजू आधी आवळली तर प्रेशर प्लेट तिरकी बसते. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावलं तेही नखावर मावेल एवढंच. मी म्हटलं, "काका, जरा जास्त लावा की." म्हणाले, "मग ते फिरून उडतं आणि प्लेटवर जातं. परत याल माझ्याकडे."

आणि मग ते शेवटचं बोटभर. इथेही अडलंच! गिअरबॉक्स जॅकवर, पोरगा खाली पाठीवर झोपून छातीने आधार देतोय, आणि सांध्यात फट राहिलेली. मला वाटलं, आता पाना निघणार. काकांनी टॉर्च मारून फट बघितली. वर बोटभर, खाली दोन बोटं. माउंट काढल्यामुळे इंजिन एका बाजूला कललेलं होतं. इंजिनाखालचा जॅक जरासा उचलला, फट चारी बाजूंनी सारखी केली. मग गिअर टाकून ठेवला आणि दुसऱ्याला म्हणाले, "पुलीला गोटी लाव, केसभर फिरव." फिरवली. टक् असा आवाज आला आणि गिअरबॉक्स हाताने आत सरकला. बोल्ट त्यानंतर, तोंड तोंडाला टेकल्यावरच. एवढंच ज्ञान होतं, वाकलेल्या आणि न वाकलेल्या हबमधलं. ते कुठल्याही खोक्यात मिळत नाही.

खोक्यावरून आठवलं. क्लच सेटच्या खोक्यावर एमआरपी छापलेली असते म्हणून आपण गपचूप पैसे देतो. माणसाच्या हातावर छापलेली नसते म्हणून घासाघीस. आणि हे आपण करतो, जे क्लायंटला तासाच्या हिशोबाने बिल लावून जगतो! माझ्या कंपनीच्या क्लायंटने 'कोड तर लिहिलेलाच आहे, नुसतं इंटिग्रेशन करायचंय, त्याचे कसले पैसे' असं म्हटलं की आमची मीटिंगभर चिडचिड होते. गॅरेजच्या दारात मात्र आपण तोच क्लायंट होतो.

"पण गॅरेजवाले फसवतात रे," असं म्हणणारे भेटतीलच. फसवतात, मान्य. मलाही फसवलंय. पण लेबर कमी करून फसवणूक थांबत नाही, फक्त काम कमी होतं. हजार रुपये कापलेत म्हणून माणूस ओढूनताणून प्रामाणिक होत नाही, तो डॉवेल शोधायचे कष्ट वाचवतो. त्यापेक्षा तोंड उघडायचंच तर विचारा: रिलीज बेअरिंग बदललं का, जुने पार्ट दाखवा, गिअर ऑइल नवं भरलं का, इंजिनाची अर्थची पट्टी परत लावली का. विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम वेगळं होतं, हे मी त्या स्टुलावर बसून पाहिलंय.

हिशोब सांगून टाकतो. नवी क्लच प्लेट १,५००, आर्गन वेल्डिंग ८००, गिअर ऑइल ९००, लेबर ३,५००. एकूण ६,७००. हे सगळं माझ्या वाचवलेल्या हजार रुपयांपायी. संध्याकाळी सोसायटीत रिव्हर्स टाकून गाडी लावली, बिलकुल आवाज नाही. पार्किंगमध्ये शेजारचे काका उभे होते. "लेबर किती घेतलं?" मी सांगितलं. "लुटलं रे तुला," म्हणाले. पाचशे किलोमीटर झाले की केबलचा प्ले बघायला परत बोलावलंय मिस्त्रींनी. शेजारच्या काकांच्या गाडीचाही क्लच गेल्या महिन्यापासून वास मारतोय. त्यांना नंबर दिलाय, आणि भाव करायला जाणार असाल तर माझं नाव सांगू नका, हेही.