गुलाबी कुणाचा रंग?

बाळ जन्मलं की एका मिनिटात त्याला मार्क पडतात. श्वास, हृदयाचे ठोके, हातापायातला जोर, डिवचल्यावर रडणं आणि रंग. प्रत्येकी दोन, एकूण दहा. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये भूल देणाऱ्या डॉक्टर व्हर्जिनिया अपगार यांनी हे काढलं. बाई मोठी, वादच नाही. पण रंगाचे पुरे दोन मार्क कधी? तर सगळं अंग गुलाबी असेल तेव्हा!

दोस्तहो, आमची, माडिया-गोंडांची पोरं गुलाबी कुठनं जन्मणार? मार्क गेले खड्ड्यात. पण काळं पोर खरंच निळं पडलं नि कुणाला दिसलंच नाही तर? जीभ बघा, ओठाची आतली बाजू बघा. इंग्लंडात २०२३ साली सरकारी आरोग्यसेवेतल्या वर्णभेदावरच्या अहवालानं या रंगावर बोट ठेवलं. सत्तर वर्षं लागली!

श्वासाला रंग नसतो. गडचिरोलीच्या जंगलातल्या ३९ गावांत 'सर्च'च्या राणी आणि अभय बंगांनी १९९५पासून थोडं शिकलेल्या गावच्याच बायांना आरोग्यदूत केलं. बाळ रडतं का, श्वास घेतं का? नसेल तर मास्क लावून हवा द्यायची. तापलं, गारठलं, दूध सोडलं, तरी घरीच उपचार. तिसऱ्या वर्षी, आरोग्यदूत नसलेल्या गावांच्या तुलनेत, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

आज घरोघरी 'आशा' जाते. मिनिटाचे श्वास मोजते, साठ किंवा वर गेले तर दवाखान्यात धाडते. तिला पगार नाही, मानधन. आमच्या गोदीत खोकी मोजणाऱ्याला पगार मिळतो.