फ्लाइट चुकली ते नशीब नव्हतं

ऑगस्टमधली गोष्ट. रात्री दीड वाजता फोन वाजला. खालाची मुलगी. वय तेवीस, मिरजेहून पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेली, स्वीडनमधल्या गोटेनबर्गला एमएस करायला. मुंबईहून एका युरोपीय कंपनीचं विमान, मध्ये युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर बदल, पुढे दुसरं विमान. रडवेल्या आवाजात म्हणाली, "भाई, कनेक्शन चुकलं. माझीच चूक. पासपोर्टच्या लाइनमध्ये मला पुढे जाऊ द्या असं कुणाला म्हणायला जीभच उचलली नाही."

मी तिला दोन आकडे विचारले. दोन विमानांच्या मध्ये तिकिटावर वेळ किती होता? एक तास दहा मिनिटं. पहिलं विमान किती उशिरा पोहोचलं? पन्नास मिनिटं. म्हणजे उरली वीस मिनिटं, आणि गेट बंद होतं सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. पोरगी विमानातून बाहेर पाय ठेवायच्या आधीच कनेक्शन चुकलेलं होतं. रांगेत तिला सगळ्यांनी वाट करून दिली असती, तरी काही फरक पडला नसता.

कंपनीने तिला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचा बोर्डिंग पास दिला आणि काउंटर बंद केला. रात्र तिने लोखंडी खुर्च्यांवर काढली, बॅगेच्या पट्ट्यात हात अडकवून. हॉटेल मागितलंस का, विचारलं. म्हणाली, "नको भाई. वाद घातला तर बाजूला घेतील. नाव बघतील, हिजाब बघतील."

हे वाक्य ऐकून मला राग आला तो तिचा नाही. कारण दहा वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. माझी फ्लाइट चुकली, त्यांनी सँडविचचं कूपन दिलं, एका कागदावर सही घेतली, मी थँक यू म्हणून बाजूला झालो. शेजारी एक म्हातारे जर्मन गृहस्थ होते. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर बोट ठेवून काउंटरवरच्या मुलीशी अगदी हळू आवाजात पाच मिनिटं बोलले आणि हॉटेलचं व्हाउचर घेऊन गेले. मला तेव्हा वाटलं, त्यांचा देश आहे, त्यांना मिळणार. माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीने मला चार वर्षांत हा प्रश्न विचारायला शिकवलं नव्हतं की त्या कागदावर काय होतं.

त्या कागदावर बहुधा युरोपीय संघाचा नियम क्रमांक २६१/२००४ होता. तो १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे आणि त्यात प्रवाशाच्या राष्ट्रीयत्वाचा संबंध कुठेही येत नाही. विमान युरोपीय संघातून सुटत असेल तर कंपनी कुठलीही असो, नियम लागू. बाहेरून युरोपात येत असेल तर कंपनी युरोपीय असली पाहिजे. मिरजेची मुलगी आणि म्युनिकचे आजोबा यांच्यात हा कायदा फरक करत नाही. फरक आपण करतो, गप्प बसून.

आता ही मोठी विमानतळं चालतात कशी ते बघू, कारण "मी हळू चाललो" हा गैरसमज तिथूनच येतो. फ्रँकफर्ट घ्या. २०२४ मध्ये तिथून सहा कोटींहून जास्त प्रवासी गेले, आणि तिथल्या प्रवाशांपैकी जवळपास निम्मे शहरात जातच नाहीत, फक्त विमान बदलतात. सगळं वेळापत्रक लाटांमध्ये बांधलेलं असतं. तास-दीड तासात विमानांचा थवा उतरतो, थोड्या वेळाने दुसरा थवा उडतो. जितका मधला वेळ कमी, तितकी जास्त कनेक्शन विकता येतात. यासाठी प्रत्येक विमानतळाचा एक आकडा असतो, किमान कनेक्शन वेळ. फ्रँकफर्टचा ४५ मिनिटांचा आकडा प्रसिद्ध आहे. तिकीट विकणारं सॉफ्टवेअर तो आकडा बघतं आणि त्यात बसणारी जोडी तुमच्यासमोर ठेवतं.

मी रोज असलंच सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो. हा आकडा म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर काय होईल याचा हिशोब. विमान वेळेवर, दार पुलाला लागलेलं, तुमची सीट पुढे, रांग छोटी. प्रत्यक्षात विमान लांब मैदानात उभं राहतं आणि बसने आणतात. तुम्ही ४२व्या रांगेत. भारतातून आलेल्याची सुरक्षा तपासणी पुन्हा होते, म्हणजे लॅपटॉप बाहेर, पट्टा बाहेर, आणि अम्मीने हँडबॅगेत कोंबलेली लोणच्याची बरणी कचऱ्यात (तेल सुटलेलं लोणचं त्यांच्या लेखी द्रवच असतं, वाद घालू नका, हा एक वाद खरंच हरणार). पुढचं विमान शेंगेन देशातच जाणार असेल तर प्रवेशाचा शिक्काही इथेच. आणि तिथे दोन रांगा असतात. एक युरोपीय पासपोर्टवाल्यांची, भराभर सरकणारी. दुसरी बाकीच्या जगाची. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी पद्धत आली आहे. तीही या दुसऱ्या रांगेसाठीच. पण तिकीट विकताना तो आकडा दोन्ही रांगांना एकच.

त्यात रात्र वेगळी. फ्रँकफर्टवर रात्री अकरा ते पहाटे पाच विमानं चालवायला बंदी आहे, आसपास राहणाऱ्यांनी वर्षानुवर्षे लढून मिळवलेली. (हेही बघण्यासारखं आहे: विमानतळाएवढ्या राक्षसाला झोप हवी म्हणणारी माणसं झुकवू शकतात.) संध्याकाळचं शेवटचं कनेक्शन चुकलं की सकाळपर्यंत तिथेच. आणि तुम्ही अमेरिकेला किंवा कॅनडाला जाणारे असाल, शेंगेन व्हिसा नसेल, तर हॉटेलचं व्हाउचर मिळूनही बाहेर पडता येईलच असं नाही. भारतीय पासपोर्टवर तर जर्मनीत नुसतं विमान बदलायलाही वर्षानुवर्षे वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत आला. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी दूतावासाची साइट बघा, एजंटचा शब्द नाही.

एवढ्या सगळ्या अडथळ्यांची शर्यत ७० मिनिटांत पार होईल असं आश्वासन कुणी दिलं? तिकीट विकणाऱ्याने. मग ती शर्यत हरल्यावर माफी मागायची कुणी?

युरोपातल्या सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलेलं आहे. २००९ मध्ये त्याने ठरवलं की तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर विमान रद्द झाल्यासारखीच भरपाई द्यायची. मग २०१३ मध्ये फोल्कर्ट्स खटला आला. एक बाई जर्मनीतल्या ब्रेमेनहून पॅरिस आणि साओ पाउलो असा बदल करत पॅराग्वेला निघाल्या होत्या. पहिलं विमान अडीच तासांच्या आसपास उशिरा निघालं, म्हणजे तीन तासांच्या आत. पण पुढची कनेक्शन चुकत गेली आणि त्या ११ तास उशिरा पोहोचल्या. कंपनी म्हणाली, पहिल्या विमानाचा उशीर मोजा. न्यायालय म्हणालं, शेवटच्या ठिकाणी किती उशिरा पोहोचवलंत ते मोजा. तिकीट एकच असेल तर प्रवास एकच. ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला ६०० युरो, उशीर तीन ते चार तासांचा असेल तर त्याच्या निम्मे. शिवाय वाट बघताना जेवण, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथे जायची-यायची सोय. हे जेवण-हॉटेल हवामान खराब असलं तरी द्यावंच लागतं.

पैसे मात्र नेहमी मिळत नाहीत, ते आधीच सांगतो, म्हणजे नंतर मला शिव्या घालू नका. वादळ, हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप अशी असाधारण कारणं असली तर भरपाई नाही. पण "टेक्निकल प्रॉब्लेम" हे कारण ऐकून परत फिरू नका. नेहमीचा तांत्रिक बिघाड असाधारण नसतो असं न्यायालयाने २००८ मध्येच, अलितालिया कंपनीविरुद्धच्या खटल्यात, सांगितलं आहे. विमान वेळेवर आलं आणि केवळ पासपोर्टच्या रांगेमुळे कनेक्शन चुकलं, तर भरपाईसाठी भांडण अवघड. मुंबईहून जाताना कंपनी भारतीय किंवा आखाती असेल तर हा नियम नाही. आणि कंपन्या काही झोपलेल्या नाहीत. जून २०२५ मध्ये सदस्य देशांच्या मंत्र्यांनी तीन तासांची मर्यादा वाढवून चार आणि सहा तास करायचं ठरवलं, युरोपीय संसदेने तीन तासांचाच आग्रह धरला. म्हणजे तिथल्या लोकांनाही हा हक्क राखायला झगडावं लागतंय.

माझी सही? नियमाच्या १५व्या कलमात लिहिलंय की हे हक्क सहीने सोडून देता येत नाहीत. हक्कांची नीट माहिती न मिळाल्यामुळे कमी भरपाईवर सही केलेल्याला पुढे दावा करता येतो. १४वं कलम म्हणतं, दोन तासांहून जास्त उशीर झाला की हक्कांची लेखी माहिती कंपनीनेच प्रवाशाच्या हातात द्यायची. मला सँडविचचं कूपन मिळालं होतं.

आता आपल्या घरातलं. आपल्या मोहल्ल्यांत दोन-तीन एजंट असे आहेत जे पोरांना आठ-दहा हजार वाचवून देतो म्हणत दोन वेगवेगळी तिकिटं चिकटवून देतात. त्याला "सेल्फ ट्रान्सफर" म्हणतात. म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी संबंध नाही. बॅग स्वतः उचलायची, ती उचलायला त्या देशात शिरावं लागतं, शिरायला व्हिसा लागतो. वर सांगितलेला सगळा कायदा तिथे हवेत विरतो. अब्बांनी कर्ज काढून दिलेल्या शिक्षणाची सुरुवात असल्या तिकिटावर करू नका. एजंटला एकच विचारा: पीएनआर एक आहे की दोन?

अब्बांवरून आठवलं. गेल्या वर्षी त्यांना व्हीलचेअर घ्या म्हटलं तर म्हणाले, मी काय अपंग आहे? गुडघे धरून दीड किलोमीटर चालले. युरोपात ही मदत मोफत द्यायचा कायदा आहे, ४८ तास आधी कळवलं की माणूस गेटवर हजर, आणि तो बहुतेक वेळा लांब रांगेतून नेत नाही. उपकार नाहीत ते.

"पण भाई, भांडलं तर व्हिसाला धक्का लागेल." हे मी निदान दहा पोरांकडून ऐकलंय. नाही लागत. हा पैशाचा दिवाणी दावा आहे, कंपनीच्या साइटवरचा फॉर्म भरून, घरी चहा पीत करायचा. इमिग्रेशनचा त्याच्याशी काही संबंध नाही. भीती कुठून येते ते मला ठाऊक आहे. विमानतळावर आपल्याला बाजूला घेतलेलं आहे, एकदा नाही. पण तपासणीच्या टेबलासमोरची भीती आपण हॉटेल व्हाउचरच्या काउंटरपर्यंत वाहून नेतो, आणि तिला सब्र असं नाव देतो. सब्र मोठी गोष्ट आहे. कंपनीला ६०० युरो सोडून देणं हे सब्र नव्हे, ती कंपनीला दिलेली सूट आहे.

बोर्डिंग पास फेकू नका. उशीर दाखवणाऱ्या बोर्डाचा फोटो काढा. कारण काय ते लेखी मागा, दिलं नाही तर विचारल्याची वेळ लिहून ठेवा. जेवणाची बिलं ठेवा. जर्मनीत दाव्याची मुदत वर्ष संपल्यापासून तीन वर्षं असते, दुसऱ्या देशांत कमी-जास्त. दावा करून देणाऱ्या कंपन्या रकमेतून बराच वाटा कापतात, आधी स्वतः करून बघा.

पोरीने गोटेनबर्गला पोहोचल्यावर चौथ्या दिवशी फॉर्म भरला. मुंबईहून उशीर का झाला, तर विमान आधीच्या फेरीवरून उशिरा आलं होतं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: "ऑपरेशनल कारणांमुळे" भरपाई देता येत नाही, त्याऐवजी ५० युरोचं कूपन घ्या. तिने मला विचारलं नाही. स्वतःच परत लिहिलं, ऑपरेशनल हा शब्द नियमात कुठे आहे ते दाखवा. उत्तर अजून आलेलं नाही. मी माझ्या दहा वर्षांपूर्वीच्या तिकिटाचा ईमेल शोधतोय. मुदत केव्हाच संपली असेल, पण त्या कागदावर नेमकं काय लिहिलं होतं ते मला वाचायचंय.