वालाच्या बियांचं वाण

खांदा कॉलनीतल्या सोसायट्यांच्या कुंपणांवर मनी प्लांट आणि बोगनवेल भरपूर दिसतात. त्याच जाळीवर गावठी वालाचा वेल चढवायला हवा. मटारला मानवेल अशी थंडी पनवेलला पडत नाही. इथल्या हवेचा वेल वालाचा. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर कडवे वाल घ्यायचे आणि थंडीत शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह पोपटीच्या मडक्यात भरायच्या, ही रायगडाची रीत अजून टिकून आहे. मांडवावर चढणारा परसातला वाल मात्र परसांबरोबरच हरवत चालला आहे.

पाऊस स्थिरावला की आळं करून दोन-दोन बिया टोचाव्यात. वेल भराभर वाढतो, पण फुलत नाही म्हणून भाद्रपदातच तो उपटून टाकणारे पुष्कळ. या जुन्या जातींना दिवस लहान झाल्याशिवाय फूल धरत नाही. तुरे दिसतात ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणूनच रात्रभर दिव्याचा झोत पडेल त्या कोपऱ्यात हा वेल लावू नये. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला, तर तेवढे शेंडे खुडावेत.

खरं काम त्यापुढचं. पहिल्या बहरातल्या भरदार शेंगा भाजीसाठी न तोडता वेलावरच वाळू द्याव्यात. आत बी खुळखुळू लागलं की काढून, उन्हं देऊन राखेत ठेवावं. वालात परागीकरण बहुतेक फुलातल्या फुलात होतं, त्यामुळे जात सहसा बिघडत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या; त्यांनी वाल-घेवड्याच्या कितीतरी गावठी जाती राखल्या आणि 2020 सालची पद्मश्री मिळवली. बी राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा शेतकऱ्यांचा हक्क 2001 च्या कायद्यानेही मान्य केला आहे.

संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी हळदीकुंकू होतं, प्लास्टिकचे डबे लुटले जातात. त्याऐवजी कागदाच्या पुडीत मूठभर वाल द्यावेत. वर जातीचं नाव आणि बी कुठल्या गावचं तेही लिहावं. सोसायटीच्या कमिटीने कुंपणाची एक उन्हाची बाजू मोकळी करून द्यावी, आणि गणपतीआधीच्या साफसफाईत वेलाला कोयता लावू नये, असं माळीदादांना वेळेवर सांगून ठेवावं.