पॉलिशचा रंग बिघडला तर

हौसेने सागवान आणायचे, घरच्या मंडळींनी चार रविवार खर्ची घालून चौरंग नाहीतर टेबल करायचे, आणि शेवटच्या हाताला पॉलिश काळपट उतरायचे! जीव अगदी खट्टू होतो. पण मैत्रिणींनो, लगेच ऑइलपेंटचा डबा उघडू नका. रंग बिघडला म्हणून लाकूड बिघडत नाही.

आधी वर काय लावले आहे ते ओळखा. फळीच्या खालच्या बाजूला स्पिरिटात भिजवलेला कापसाचा बोळा मिनिटभर टेकवा. थर चिकट होऊन रंग बोळ्याला लागला, तर ते लाखेचे फ्रेंच पॉलिश. लाख स्पिरिटात विरघळते, त्यामुळे काम सोपे. काहीच सुटले नाही, तर मेलामाइन किंवा पीयू असेल. ते पॉलिश पेपरने घासूनच काढावे लागते.

फ्रेंच पॉलिश गडद झाले असेल, तर जुन्या सुती कापडाने स्पिरिट लावून लाकडाच्या रेघांच्या दिशेने पुसा. चिंधी मळली की बदला. वाळल्यावर १५० नंबरचा, मग २२० नंबरचा पेपर फिरवा, तोही रेघांच्याच दिशेने. आडवे ओरखडे रंग जास्त पितात आणि काळे दिसतात. प्लायवुडवरचा सागाचा पापुद्रा पातळ असतो, तिथे हात अगदी हलका हवा.

फळीची कापलेली टोके नेहमी जास्त रंग ओढतात. तिथे आधी पातळ पॉलिशचा एक हात द्या, मग रंग.

पुण्यात जून ते सप्टेंबर पॉलिश पांढुरके पडते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतले पाणी थरात अडकते. कोरड्या दिवशी जेमतेम ओलसर पुरचुंडी हलकेच फिरवली की बहुधा जाते.

बोहरी आळीत नवे सामान आणायला जाताना त्याच लाकडाचा तुकडा बरोबर न्या. रंग आधी त्यावर लावून, वाळवून, उजेडात पाहा.

आणि हे विसरू नका: स्पिरिट चटकन पेटते. खिडक्या उघडा, गॅस आणि देवापुढचे निरांजन विझवा, बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. जवसाचे तेल वापरलेत, तर त्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. तो आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर, एकेक पसरून वाळवा.