फगव्याच्या रस्त्यानं

हिंगोलीकरांच्या एका पिढीनं मेळघाट पाहिला तो मीटरगेजच्या खिडकीतून. जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस हिंगोली, वाशीम, अकोला करत अकोटच्या पुढं सातपुड्यात शिरायची. धुळघाटला रूळ वेढा घेऊन स्वतःलाच ओलांडायचे. 2008 च्या सुमारास आमच्याकडं ब्रॉडगेज आलं, आणि 2017 मध्ये अकोल्याहून तिकडं जाणारी छोटी गाडी बंद पडली. तिथला नवा ब्रॉडगेज मार्ग व्याघ्रप्रकल्पाच्या बाहेरून न्यावा, असं राज्य सरकारनं 2021 मध्ये केंद्राला कळवलं. योग्यच केलं. आता आपल्याला जायचं तर दुचाकी काढायची.

मी एकटा निघालो तो धुळवड आटोपल्यावर. शिवारात हळद शिजवायचे कुकर धुरावले होते. कनेरगाव नाका, वाशीम, पातूरचा घाट, अकोला, अकोट, परतवाडा. इथवर सांगण्यासारखं काही नाही, ऊन सोडून. घटांगच्या पुढं मात्र रस्ता बदलतो. सागाची पानं गळालेली, पळस पेटलेला आणि मोहाखाली जमीन झाडून-जाळून साफ केलेली. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून करतात ते. वेचणाऱ्या बाया पहाटेच येऊन गेलेल्या असतात, आपल्याला फक्त तो गोडसर, आंबूस वास मिळतो.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या 9 व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. सेमाडोहला येणारे बहुतेक जण वाघ विचारत येतात. मला विचाराल तर वाघ बाजूला ठेवा आणि होळीच्या आठवड्यात या. इथली कोरकू आदिवासी माणसं मजुरीसाठी वर्षभर कुठंकुठं पांगलेली असतात, पण होळीला घरी येतातच. एरवी कुलूप दिसणारं दार त्या आठवड्यात उघडं असतं.

हरिसालच्या अलीकडं रस्त्यावर दोरी आडवी आली. दोन्ही टोकांना पोरी, मध्ये ढोलकी आणि बासरीवाला. फगवा, म्हणजे होळीचे पैसे, दिल्याशिवाय गाडी पुढं जात नाही, मग एसटी असो की साहेबाची जीप. मी दहाची नोट काढली. एकीनं ती घेतली, दुसरीनं माझ्यामागची रिकामी सीट पाहिली आणि विचारलं, “अकेलेच?” शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांना माझं ‘हो’ पटेना. “घरवाली से झगडा हुआ क्या?” म्हणाले. हौसेनं एकटं फिरतात लोक, हे मी समजावून पाहिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि बायकोला फोन लावा म्हणून सांगितलं. लावला. मगच चहा आला.

कोरकू गाव म्हणजे समोरासमोर दोन ओळींत घरं आणि मधोमध रुंद, सारवल्यासारखी साफ वाट. एका बाजूला मेघनाथाचा खांब. रावण आणि मेघनाथ यांना मानणारी ही माणसं, आपल्या दसऱ्याच्या पुतळ्यांबद्दल त्यांच्यापुढं बोलताना जीभ आवरावी. आपसात ती कोरकू बोलतात. ही भाषा मुंडा कुळातली, तिची भावंडं थेट झारखंडात. आपल्या जिल्ह्यात कळमनुरीकडं आंध आदिवासी आहेत, ते मराठीच बोलतात, म्हणून मला वाटलं होतं दोन-चार शब्द तरी ओळखीचे निघतील. एकही नाही.

हरिसालला 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजवलं. ते असो. मेळघाटातल्याच बैरागडला मात्र डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी रुग्णसेवेत आयुष्य घातलं, 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. 1993 साली कुपोषणानं मेळघाट वर्तमानपत्रांत आला, तेव्हा ते तिथंच काम करत होते.

परतताना अकोटजवळ पुनर्वसित गावं लागतात. व्याघ्रप्रकल्पासाठी जंगलातून खाली आणलेली. 2021 पर्यंत सरकारी हिशेबात कुटुंबामागं 10 लाखांचं पॅकेज असायचं. पण कबूल केलेली शेती आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणून काही गावांतले लोक परत जंगलात गेले, आणि 2019 च्या जानेवारीत वनखात्याशी त्यांची झटापट झाली. वाघ हवेत हे मलाही मान्य आहे. मात्र रेल्वेसाठी आपण दुसरा रस्ता शोधतो, मग घर सोडलेल्या माणसाच्या सातबाऱ्यासाठी घाई का होत नाही?

पुढच्या होळीला कुणी निघालंच, तर पेट्रोल परतवाड्यात भरा आणि दहाच्या नोटा भरपूर ठेवा. दोऱ्या पुष्कळ लागतात.