पाकिटं मुलीला, सातबारा मुलाला

वडिलांनी जमवलेली बियाणं-खतांच्या कंपन्यांची जाहिरातीची पाकिटं घरच्यांनी प्रेमानं मला दिली. मीही ती जपते, त्यात भर घालते. पण त्याच प्रेमानं हक्कसोड पत्रही पुढे आलं! मी सही केली नाही.

पाकिटांवरच्या पत्त्यांत एकाही बाईचं नाव नाही. वर्धा जिल्ह्यात कापूस वेचतात बाया. कंपनीला शेतकरी दिसतो तो पुरुषच, कारण सातबारा त्याचा.

हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट नाही. हा हक्क जन्मानंच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं.

गावबैठकीत बाया विचारतात, "मग माहेर तुटलं तर?" याचं उत्तर कायद्यात नाही, ते आपल्या गटांनाच शोधावं लागेल.