दोन बोटं ढील

गेल्या आठवड्यात एका मल्टिप्लेक्सच्या दारात ३५ मिलिमीटरचा जुना प्रोजेक्टर पाहिला. सोनेरी रंग दिलेला, भोवती मखमली दोर, शेजारी फोटो काढणाऱ्यांची गर्दी. मीही हौसेनं जवळ गेलो आणि जीव हळहळला. त्यातली फिल्म वरच्या रिळापासून खालच्या रिळापर्यंत पेच लागलेल्या मांज्यासारखी ताठ बसवली होती. लूप कुठेच नव्हता. असं मशीन सुरू केलं, तर पहिल्याच सेकंदाला फिल्मची छिद्रं फाटतील.

प्रोजेक्टरमध्ये फिल्म एकाच वेळी दोन चालींनी चालते. वरच्या रिळातून ती संथ, न थांबता उतरते. भिंगामागच्या गेटमध्ये मात्र तिला सेकंदाला २४ वेळा थांबावं लागतं, नाहीतर पडद्यावर नुसते फराटे दिसतील. हे काम माल्टीज क्रॉस करतो. चार खाचांचा, कायम तेलात असलेला हा पोलादी तुकडा मुठीत मावेल एवढा असतो. शेजारच्या चाकावरची खुंटी दर फेरीला त्याच्या एका खाचेत शिरते, त्याला पाव फेरी देते आणि बाहेर पडते. तेवढ्यात फिल्म चार छिद्रं, म्हणजे बरोबर एक फ्रेम, खाली येते. त्या क्षणी शटर उजेड अडवतं, म्हणून ती सरकताना आपल्याला कधी दिसत नाही. तीन तासांच्या सिनेमात हे अडीच लाखांहून अधिक वेळा घडतं!

गेटखाली पुन्हा संथ चाल हवी, कारण तिथे आवाज वाचला जातो. चित्र थांबल्याशिवाय दिसत नाही आणि आवाज थांबला तर ऐकू येत नाही. म्हणून फिल्मवर दोघं शेजारी नसतात. आवाज आपल्या चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे, सव्वा फुटावर छापलेला असतो. या दोन चालींची ओढाताण होऊ नये म्हणून गेटच्या वर आणि खाली फिल्मला ढील द्यायची. तोच लूप. खालचा लूप चुकला की ओठ आधी हलतात आणि संवाद मागून येतो, किंवा उलट.

साताऱ्याकडच्या जत्रांत तंबूत मशीन चालवलेल्या एका ऑपरेटर काकांना मी एकदा विचारलं, ढील किती ठेवायची? त्यांनी दोन बोटं जोडून हवेत धरली. मग म्हणाले, "अन् कान ठिवायचा. लूप गेला की मशीन खडखडतंय." त्या बोटांवर कार्बनचे जुने चटके होते. आर्कच्या दिव्यात कार्बनच्या दोन काड्या जळत आखूड होतात, त्यांच्यातलं अंतर सतत राखावं लागतं. म्हणजे कान फिल्मकडे, डोळा आर्ककडे, आणि हे सगळं रात्रभर.

आपला सिनेमा अशाच हातांनी सुरू झाला. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेऱ्याबरोबर छिद्रं पाडायचं यंत्रही आणलं, कारण कच्ची फिल्म तेव्हा बिनछिद्रांची मिळे. ती छिद्रं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून पाडत.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून सिनेमे जपतं आहे. यंत्रंही कुठे कुठे जपली जातात. पण २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत थिएटरांतून फिल्म गेली आणि तिच्याबरोबर ऑपरेटरही घरी बसले. त्यांच्या हातातलं हे ज्ञान काचेच्या कपाटात राहणार नाही. सिनेमा शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं एक तरी मशीन चालू स्थितीत ठेवावं आणि या माणसांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं. ही मंडळी आता सत्तरीत आहेत; हे याच वर्षी व्हायला हवं.

त्या मल्टिप्लेक्सच्या व्यवस्थापकांना मी चूक दाखवली. त्यांनी मोकळेपणानं विचारलं, दुरुस्त कोण करेल? मी तिथूनच काकांना फोन लावला. "येतो की," ते म्हणाले, "गेट उघडतंय का तेवढं बघून ठिवा."